फिल्मच्या कॅमेऱ्यात कोणता रोल भरता, आणि का? (मतं ठोकून लिहा, भांडणं चालतील)

अर्धा_स्टॉप:

गेल्या महिन्यात एक उद्योग केला. उत्तरेच्या खिडकीशी आत्याला बसवलं, कॅमेरा तिपाईवर चढवला आणि एकाच लेन्सने, उजेडाच्या एकाच मीटरवर तीन वेगळ्या कृष्णधवल रोलवर तिचे फोटो काढले. इलफर्डचा एचपी५ प्लस, कोडॅकचा ट्राय-एक्स आणि फोमापॅन ४००. "एकदाच काय ते काढ की रे," असं ती तीनदा म्हणाली. तिन्ही रोल डी-७६ या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन), एकास एक पाणी घालून, २० अंशांवर, ज्याच्या त्याच्या वेळेनुसार धुतले. एकाच कागदावर प्रिंट काढले, मागे पेन्सिलीने खुणा केल्या, पत्त्यांसारखे पिसले आणि आठवड्याने ओळखायला बसलो.

फोमा लगेच सापडला. आत्याच्या गडद निळ्या स्वेटरच्या घड्याच गायब, नुसता काळा ठोकळा. उरलेल्या दोघांत मात्र माझी पार दांडी उडाली. सहा प्रिंटपैकी तीन बरोबर ओळखले, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. आणि हाच मी आठ वर्षं "ट्राय-एक्स तो ट्राय-एक्स" म्हणून लोकांना ऐकवतोय.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. फिल्मचा म्हणून जो गुण आपण सांगतो, त्यात फिल्मचा वाटा किती आणि मीटर, केमिकल, स्कॅनर यांचा किती? माझं सध्याचं मत असं: फिल्म निवडायची ती नंतर दुरुस्त न होणाऱ्या गोष्टींसाठी. सावलीतलं किती उतरतं, चित्रातला दाणा केवढा येतो, आपली चूक किती पोटात घालते. बाकी कॉन्ट्रास्ट वगैरे प्रिंट करताना हवा तसा वाढवता येतो. म्हणून माझं मत एचपी५ ला. दिसायला सपक, राखाडी, पहिल्या भेटीत कुणी प्रेमात पडणार नाही. पण कसाही वागवा, रुसत नाही.

(फ्रीजमध्ये वेल्विया ५० या रंगीत स्लाइड फिल्मचा एक रोल दोन वर्षं पडून आहे. भरायचा धीर होत नाही.)

तुमचं काय?

खुडबुड्या:

वाचतोय. आत्यांना दंडवत.

अंधारखोली:

चाचणी आवडली, निष्कर्ष अर्धाच पटला.

एक तर डी-७६ हा सगळ्यांशी गोड बोलणारा डेव्हलपर. त्यात ४०० वेगाच्या (उजेड किती चटकन टिपते तो आकडा) दोन चांगल्या फिल्म एकमेकींसारख्या दिसल्या यात नवल नाही. तेच दोन रोल रॉडिनाल या डेव्हलपरमध्ये एकास पन्नास धुवा आणि मोठा प्रिंट काढा. मला तरी ट्राय-एक्सचा दाणा चाळलेल्या वाळूसारखा सुटा दिसतो, एचपी५ चा जरा गुबगुबीत. दुसरं म्हणजे उत्तरेची खिडकी. इतक्या मऊ उजेडात कुठलीही फिल्म शहाण्यासारखी वागते. भर दुपारी बाहेर काढा, पांढरा शर्ट आणि झाडाखालची सावली एकाच फ्रेममध्ये घ्या, मग कोण किती पाण्यात ते कळेल.

आणि फोमावर अन्याय झालाय. डबीवर ४०० लिहिलं म्हणून फिल्म ४०० ची होत नाही. मी फोमापॅन ४०० कायम २०० वर मीटर करते, म्हणजे दुप्पट उजेड देते, आणि धुण्याची वेळ थोडी कमी करते. स्वेटरच्या घड्या येतील, बघा करून. डबीवरच्या आकड्याचा हा घोळ एकट्या फोमाचा नाही. इलफर्डच्या डेल्टा ३२०० चा खरा वेग आयएसओ १००० आहे, हे कंपनी स्वतःच्याच माहितीपत्रकात सांगते. ३२०० गाठायचं ते धुण्याची वेळ वाढवून. पुश करणं म्हणजे तरी काय, उजळ आणि मधल्या छटा वर ढकलणं. सावलीत जे उतरलंच नाही ते जास्त वेळ धुऊन उगवत नाही.

माझी स्वतःची फिल्म टी-मॅक्स १००. कोडॅकने १९८६ मध्ये टी-मॅक्स आणला तो चपट्या स्फटिकांचा. स्फटिक चपटा असला की तेवढ्याच चांदीत उजेडाला पृष्ठभाग जास्त मिळतो, म्हणून वेगाच्या मानाने दाणा बारीक येतो. पण नखरेल आहे. तापमान एखाद्या अंशाने सरकलं, डबा जरा जोरात हलवला की उजळ भाग हाताबाहेर. एचपी५ अशा वेळी "असू दे" म्हणतो, टी-मॅक्स हिशेब मागतो. मला हिशेब आवडतो.

जाता जाता, नवीन लोकांसाठी: टी-मॅक्स धुतल्यावर गुलाबी-जांभळा दिसला तर घाबरू नका. फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) थकलाय किंवा वेळ कमी पडलीय. ताज्या फिक्सरमध्ये परत टाका, मग भरपूर पाणी.

जुनी_डबी:

अंधारखोली यांच्याशी सहमत.

ट्राय-एक्सबद्दल एक भर. लोक जुने वार्तांकनाचे फोटो बघतात, ते खरबरीत काळे-पांढरे चेहरे, आणि तसं हवं म्हणून ट्राय-एक्स घेतात. ३५ मिमीमध्ये ट्राय-एक्स आला १९५४ साली. तेव्हापासून फिल्म अनेकदा बदललीय, आजचा दाणा त्या काळापेक्षा पुष्कळ बारीक. शिवाय ते फोटो घाईत काढलेले, कमी उजेडात, गरम डेव्हलपरमध्ये उरकलेले, कडक कागदावर छापलेले. नाव ट्राय-एक्सचं, करणी घाईची.

निगेटिव्हवाला:

रंगीत निगेटिव्हला अर्धा_स्टॉप यांचं म्हणणं दुपटीने लागू आहे. ऐका.

एका संध्याकाळी समुद्रावर पोर्ट्रा ४०० चा रोल संपवला. लॅबकडून स्कॅन आले ते असे: सूर्यास्त दुधाळ पांढरा, वाळू करडी, आकाश धुतलेल्या कापडासारखं. वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. निगेटिव्ह मागवून घेतल्या, लाइटबॉक्सवर पसरल्या, तर उजेड अगदी व्यवस्थित उतरलेला. दुसऱ्या ठिकाणी बजावून परत स्कॅन करायला दिल्या, "केशरी दिसतंय ते केशरीच राहू द्या, पांढरं करायला जाऊ नका." तीच फ्रेम आली आणि संध्याकाळ नुसती पेटलेली! लाटेच्या फेसाची कडसुद्धा तांबूस.

आता सांगा, "पोर्ट्राचे रंग" म्हणजे यातले कुठले? रंगीत निगेटिव्हवर नारिंगी मुखवटा असतो. तो वजा करून, उलटं करून रंग उभे करायचे असतात, आणि ती वजाबाकी मशीन आपल्या अकलेने करतं किंवा मशीनवर बसलेला माणूस त्याच्या. नेटवर "पोर्ट्रा लुक" म्हणून जे फिकट, पीचच्या रंगाचं फिरतं, त्यात निम्मा वाटा जास्त दिलेल्या एक्सपोजरचा आणि उरलेल्यात बराचसा स्कॅनरचा.

पण फरक अजिबात नाही असं कुणी म्हणालं तर तेही खोटं. एक्टार १०० वर माणसांचे फोटो काढून बघा. गोरा माणूस असला तर नुकता भांडून आल्यासारखा लालबुंद. सावलीत उभा केला तर निळसर छटा वेगळीच, ती काढता काढता नाकी नऊ येतात. मात्र डोंगर, रंगवलेल्या भिंती, जुन्या गाड्या यांना एक्टारसारखी फिल्म नाही, दाणा भिंग घेऊन शोधावा लागतो. गोल्ड २०० पिवळट, ऊबदार, उन्हाची मैत्रीण. ढगाळ दिवशी तीच मातकट होते. पोर्ट्रा ८०० माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. लोक पोर्ट्रा ४०० ओढूनताणून ८०० ला नेतात आणि सावल्यांत चिखल झाला की फिल्मच्या नावाने बोटं मोडतात. रंगीत निगेटिव्हला उजेड जास्त झालेला चालतो, अगदी दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). एक कमी पडला की तोंड वाकडं.

सिनेस्टिल ८००टी बद्दल विचारायच्या आधीच सांगतो. मुळात ती कोडॅकची ५००टी ही सिनेमाची फिल्म, दिव्यांच्या पिवळ्या उजेडासाठी बनवलेली. मूळ फिल्मच्या पाठीला काजळीचा थर असायचा, रेमजेट म्हणतात. तो रंगीत रोल धुण्याच्या साध्या सी-४१ पद्धतीत चालत नाही, म्हणून आधीच काढलेला असतो. पण त्या थराचं एक काम असं की प्रखर उजेड फिल्ममधून आरपार जाऊन मागून परत उसळू नये. थर गेला, म्हणून प्रत्येक दिव्याभोवती लाल वलय. एक रोल गंमत म्हणून ठीक. प्रत्येक फोटोत लाल वलय म्हणजे प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह!!!

खुडबुड्या:

उद्गारचिन्हाला ठ्ठो!

मंद_प्रकाश:

तुम्ही निगेटिव्हवाले सगळे दुसऱ्याच्या चष्म्यातून बघणारे. मधला माणूस नको असेल तर स्लाइड काढा. धुऊन आली की तेच शेवटचं चित्र. मशीन नाही, वजाबाकी नाही.

मागच्या पावसात वेल्विया ५० वर एका अळूच्या पानाचा फोटो काढला. रोल आला, पट्टी लाइटबॉक्सवर ठेवली, लूपला, म्हणजे बघायच्या भिंगाला, डोळा लावला. पानाच्या मधल्या शिरेवर एक थेंब अडलेला, थेंबात उलटं आकाश, आणि आकाशाच्या कडेला एक काळा ठिपका. तो मी होतो, छत्री धरून उभा. ३५ मिमीच्या तुकड्यावर! स्क्रीनवर हे दिसत नाही हो. स्कॅन करून मित्राला पाठवला तर तो म्हणाला, "छान आहे पान."

वेल्विया १९९० चा. बरेच लोक ४० ला मीटर करतात, मीही. हिरवा आणि लाल जरा नाटकी येतो, कबूल. चेहऱ्यांसाठी नाही, तिथे प्रोव्हिया १००एफ किंवा कोडॅकचा एक्टाक्रोम ई१००, जो मधे बंद पडून २०१८ मध्ये परत आला. एक्टाक्रोम थोडा थंड, स्वच्छ, नाटक कमी. स्लाइडला पल्ला मात्र पाचेक स्टॉपचाच. अर्ध्या स्टॉपने चुकलात तर डोळ्याला कळतं, एका स्टॉपने चुकलात की गेलात. धागाकर्त्याचं नावच अर्धा_स्टॉप आहे, त्याला वेल्विया भरायची भीती वाटावी?

अवांतर: काकांच्या कोडाक्रोम स्लाइड अजून माझ्याकडे आहेत. त्याच काळातले रंगीत प्रिंट पार किरमिजी पडलेत आणि या स्लाइडमधला लाल अजून काल धुतल्यासारखा. १९३५ ते २००९ एवढं आयुष्य त्या फिल्मचं. शोधणारे दोघे, लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की, पेशाने वादक. फिल्ममध्ये रंग घडवणारी द्रव्यं नसतच, ती धुताना एकेका थरात घालावी लागत, म्हणून घरी धुण्याचं नाव नको. कॅन्ससमधल्या शेवटच्या लॅबने डिसेंबर २०१० च्या अखेरीस रोल घेणं थांबवलं.

अंधारखोली:

मंद_प्रकाश, पान सुरेख असेल, पण "मधला माणूस नाही" हे पटत नाही. वेल्वियात मधला माणूस आधीच बसवलेला आहे, कारखान्यात. हिरवा किती हिरवा ते त्याने ठरवलं, तुम्ही नाही. मी निगेटिव्हमध्ये निदान स्वतः ठरवते.

मंद_प्रकाश:

बरोबर. पण तो माणूस दर रोलला बदलत नाही. निगेटिव्हवाला यांचा बदलला की!

निगेटिव्हवाला:

मला का मधे ओढताय 😀

(पण मुद्दा बिनतोड आहे.)

तिपाई:

रात्रीबद्दल कुणीच बोलत नाहीये. "नंतर दुरुस्त न होणारं" म्हणालात ना, मग हे घ्या.

शटर सेकंदापलीकडे गेलं की फिल्म आळसावते. दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट उजेड उतरत नाही, आणि प्रत्येकीचा आळस वेगळा. फोमापॅन १०० या बाबतीत कुंभकर्ण. कंपनीचाच तक्ता सांगतो, मीटरने १० सेकंद दाखवले तर ८० द्या, १०० दाखवले तर १६००. म्हणजे सव्वीस मिनिटांच्या वर! एचपी५ ला १० चे साधारण २० लागतात. फुजीच्या अ‍ॅक्रॉस २ ला दोन मिनिटांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही.

हे मी पाठ केलं ते एका पुलावर. कमानीचा फोटो, खाली पाण्यात दिव्यांच्या रेघा, कॅमेऱ्यात फोमा १००. मीटर म्हणाला १०० सेकंद. केबल दाबून कुलूप लावलं आणि उभा राहिलो. हात खिशात, पाय आपटत, पंचवीस मिनिटं. शेवटच्या मिनिटाला एक गाडी वळणावरून आली आणि तिने हेडलाइट थेट लेन्समध्ये सोडले. तोंडातून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही. त्यानंतर रात्रीसाठी फक्त अ‍ॅक्रॉस. दिवसा मला कुठलाही रोल द्या, मी तक्रार करणार नाही.

अर्धा_स्टॉप:

तिपाई, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. एचपी५ आणि ट्राय-एक्सच्या नादात मी फक्त ऊन धरून चाललो होतो.

खुडबुड्या:

मीही एक कबुलीजबाब देतो. इलफर्डचा पॅन एफ प्लस, ५० चा. लोक म्हणतात चांदीसारखा चमकतो, म्हणून कौतुकाने काढला आणि काढलेला रोल ड्रॉवरमध्ये ठेवून विसरलो. चौदा महिन्यांनी धुतला. डब्यातून बाहेर काढला तर जवळजवळ पारदर्शक पट्टी. आधी वाटलं डेव्हलपर मेला. मग खिडकीशी धरून पाहिलं, चित्रं होती, पण भुतासारखी. फिल्मच्या कडेला कारखान्यात छापलेले आकडेसुद्धा पुसट! म्हणजे डेव्हलपर निर्दोष. काढलेलं चित्र टिकवून धरण्यात ही फिल्म कच्ची आहे. इलफर्ड म्हणतं, तीन महिन्यांच्या आत धुवा. ते मी नंतर वाचलं, अर्थात.

माझ्यासारख्या आळशाने इलफर्डचाच एफपी४ काढावा. तो वाट बघतो.

कोरी_पाटी:

सगळे प्रतिसाद वाचले, निम्मे कळले. मावशीचा जुना कॅमेरा मिळालाय. मीटरची सुई हलते, पण खरं बोलते की नाही माहीत नाही. पहिला रोल कोणता भरू?

अंधारखोली:

कोरी_पाटी, एचपी५ किंवा केंटमीर ४००. आणि पाच रोल तोच. सुईचा भरवसा नाही म्हणता ना, मग मीटरवर २०० लावा. सुई थोडी खोटं बोलली तरी निभावेल.

मंद_प्रकाश:

मी उलट सांगेन. एकच रोल स्लाइड काढा. सुई खोटं बोलतेय का, किती आणि कुठल्या बाजूला, ते छत्तीस फ्रेममध्ये स्वच्छ कळेल. एचपी५ पाच रोल झाकून नेईल, तुम्हाला पत्ता लागणार नाही.

जुनी_डबी:

पहिल्याच रोलला पोरीला रडवाल! फोनमधलं मीटरचं अ‍ॅप लावून सुई ताडून बघ गं, दोन मिनिटांचं काम. आणि लॅबमध्ये फक्त रंगीत धुऊन मिळत असेल तर इलफर्डचा एक्सपी२ सुपर घे. कृष्णधवल आहे, पण धुतला जातो रंगीत रोलच्याच सी-४१ मध्ये.

कोरी_पाटी:

लॅबचं नव्हतं माहीत, धन्यवाद आजोबा! (आजोबाच ना?)

जुनी_डबी:

आजी.

कोरी_पाटी:

अरेच्चा! सॉरी आजी 🙈

अर्धा_स्टॉप:

अंधारखोली यांचं ऐकलं. फोमा ४०० परत काढला, २०० ला मीटर करून. आत्या या वेळी पुस्तक घेऊनच बसली. स्वेटरच्या घड्या आल्या! बाहीवरची वीण मोजता येतेय. दाणा एचपी५ पेक्षा जाड आहे, आणि दिव्याच्या काचेभोवती किंचित धुकं पसरलंय, तेही बरं दिसतंय. तेव्हा फोमाबद्दलचे शब्द मागे. ठोकळा माझ्या मीटरने केला होता.

आता एक लाजिरवाणी गोष्ट. रॉडिनालच्या चाचणीसाठी परवा घाईत दोन कॅमेऱ्यांत रोल भरले. खोक्याचं झाकण फाडून कॅमेऱ्याच्या पाठीला लावायची सवय आहे, ती नेमकी मोडली. छोट्या कॅमेऱ्यात काय आहे ते आठवत नाही. ११ फ्रेम झाल्यात, सगळ्या ४०० धरून. आत एचपी५ असेल किंवा फोमा. आणि फ्रीजमध्ये बघितलं तर वेल्वियाचं खोकं आहे, आत डबी नाही.

खुडबुड्या:

😂😂😂

निगेटिव्हवाला:

उरलेल्या २५ फ्रेम ५० वर मीटर करा. निगेटिव्ह निघाली तर तीन स्टॉप जास्त, दाट होईल पण चालेल. वेल्विया निघाला तर निदान २५ वाचल्या. पहिल्या ११ ला श्रद्धांजली.

तिपाई:

आणि धुणार कशात? आधी ते ठरवा.

जुनी_डबी:

एवढा विचार कशाला? रोल मागे गुंडाळ. हाताला ताण सुटल्यासारखा वाटला की तिथेच थांब, म्हणजे टोक बाहेर राहतं. पाठ उघड, डबीवर नाव वाच. मग परत भर, लेन्सवर झाकण, शटर सगळ्यात वेगवान, आणि मोजून १३ वेळा पुढे सरकव. दोन फ्रेम वाया जातील, बास.

अर्धा_स्टॉप:

केलं. टोक बाहेर राहिलं, पाठ उघडली. फोमा.

मंद_प्रकाश:

मग वेल्विया कुठेय?